बिजलीच्या कानामागची चामखीळ

आमच्या कुत्रीचं नाव बिजली. अंग काळंभोर आणि कपाळापासून नाकापर्यंत एक पांढरा पट्टा, म्हणून बिजली. जात गावठी, वय चार वर्षं. 'बिजली गेली कुठं?' असं मी ओट्यावरून ओरडले की समोरच्या घरातली माणसं आधी पंख्याकडं बघतात.

२०२४ च्या जूनअखेरीला तिच्या उजव्या कानामागं एक चामखीळ दिसायला लागली. राखाडी, गुळगुळीत, मुगाएवढी. आजीनं बोट फिरवलं आणि निकाल दिला, "चामखीळ हाय. घोड्याचा केस बांध, आपोआप गळंल." आमच्या गावात घोडा येतो तो नवरदेवासोबतच, आणि लग्नसराई कधीच संपलेली. चामखीळ राहिली.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. १ जुलैला लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि आमच्या ओट्यावर सकाळी सातपासून बायकांची रांग लागायला लागली. शेवटची तारीख आधी १५ जुलै होती, पुढं ती ३१ ऑगस्ट झाली. पण त्या पहिल्या आठवड्यात कुणालाच धीर नव्हता. सर्व्हर चालायचा नाही, आधारला मोबाईल लिंक नसायचा, पासबुकावर नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं. अशात कुत्रीच्या कानाकडं कोण बघतंय?

बघितलं रांगेतल्या एका मावशींनी. रविवार, ७ जुलै. ओटीपीची वाट बघत बसल्या होत्या, बिजली त्यांच्या पायाशी पसरलेली. "पोरी, हिला गोचीड लागलीय की गं."

म्हणलं, चामखीळ आहे ती.

"चामखिळीला पाय असत्यात का?"

मोबाईलची बॅटरी लावून बघितलं. मुगाएवढी होती ती आता तुरीच्या दाण्याएवढी फुगलेली. केस बाजूला केले तर कातडीला चिकटलेल्या टोकाशी बारीक पाय, आणि ते हलत होते. तिच्याच शेजारी दुसरी एक, चपटी, तांबूस तपकिरी, जवसाच्या दाण्यासारखी. मला शहारा आला. मावशींचा ओटीपी तेवढ्यात येऊन गेला आणि मुदत संपली, तो परत मागवावा लागला.

त्या रात्री मी आणि आईनं बिजलीला अंगणातल्या बल्बखाली घेऊन अख्खं अंग चाचपलं. अकरा निघाल्या. पाठीवर एकही नाही. कानाच्या आतल्या घडीत, गळपट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीच्या बुडाशी. वरून हात फिरवून 'काही नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा बोटांच्या बेचक्या उघडून बघाव्यात. ओळखायची साधी खूण म्हणजे चामखीळ कातडीचाच भाग असते, हलवली की कातडी सोबत हलते. गोचीड एका बिंदूवर रुतलेली असते, वरचं अंग तिच्याभोवती डुलतं. चपटे दिसतात ते नर किंवा पोट न भरलेल्या माद्या. रक्त पिऊन टम्म झालेली मादी राखाडी, थेट एरंडीच्या बीसारखी. पुढं कुठंतरी वाचलं की लॅटिनमध्ये गोचिडीला आणि एरंडीला शब्दच एक आहे, रिसिनस. त्या लोकांनी पण नीट निरखलेलं दिसतंय.

एक फजिती सांगूनच टाकते. पोटावर एक गोचीड मी बराच वेळ ओढत होते, निघेचना. बिजलीनं शेवटी गुरगुरून माझ्या मनगटावर दात टेकवले, चावली नाही. आई म्हणाली, "आगं बाई, थान हाय ते तिचं!" कुत्रीच काय, कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात आणि ती दोन ओळींत बहुधा समोरासमोर येतात. ओढायच्या आधी दुसऱ्या बाजूला तसंच काही आहे का, ते बघा.

काढताना आम्ही करायच्या तेवढ्या चुका केल्या. आजी उवा मारल्यासारख्या दोन नखांत धरून फोडत होती, रक्ताची चिळकांडी परकरावर. शेजारच्या बापूंनी रॉकेलचा बोळा लावायला सांगितला, तो लावला, बिजली ते चाटायला लागली. दोन गोचिडी तुटून तोंडाचा भाग आतच राहिला. पुढं डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा कळलं की काम किती सोपं आहे: चिमट्यानं अगदी कातडीलगत धरायची, पोट दाबायचं नाही, पिळायची नाही, सरळ वर सावकाश ओढायची. रॉकेल, तेल, काडीचा चटका यातलं काही नाही. डिवचली की ती आतलं पाणी कुत्र्याच्या रक्तात ओकते आणि रोग असलाच तर तोही. काढलेली फोडायची नाही. स्पिरिटच्या नाहीतर साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायची. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली मी त्यासाठी ठेवली.

सोमवारी सकाळी खरी चूक झाली, आणि ती माझी. बापूंकडं म्हशींवर फवारायचं गोचिडीचं औषध होतं. "आमच्या म्हशी बघ, चकाचक." त्यांनी माप सांगितलं ते म्हशीचं. मी घाईत झाकणानं अंदाजे ओतलं आणि फडक्यानं बिजलीला पुसून काढलं. अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय थरथरायला लागले. ओट्यावर पंधरा बायका. मी तशीच उठून तिला हापशावर नेलं आणि भांडी घासायच्या साबणानं तीनदा धुतलं. दुपारपर्यंत ती सावरली. त्या तीन तासांत मी एकही अर्ज नीट भरला नाही, एकीच्या गावाच्या जागी तालुका टाकला.

त्याच दुपारी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. सहा किलोमीटर, स्कूटीवर, बिजली पायाशी पोत्यावर. डॉक्टर फिरतीवर गेलेले, उद्या या. मंगळवारी परत गेले, पावणेदोन तास थांबले. माझ्याआधी एक अडलेली गाय, मग नऊ शेळ्या. हे गृहीत धरूनच जा: आपल्याकडचे दवाखाने गुराढोरांसाठी चालतात, कुत्रं घेऊन गेलं की रांगेतली माणसं हसतात, आणि कुत्र्याची औषधं बाहेरूनच आणावी लागतात. पण आधी फोन करून डॉक्टरसाहेब कधी भेटतील ते विचारलं असतं तर माझी सोमवारची फेरी वाचली असती.

डॉक्टरांनी माझी बाटली उजेडात धरली आणि मला पहिल्यांदा सगळं समजेल असं सांगितलं. मी मनातल्या मनात बापूंच्या म्हशींना दोष देत होते. ते म्हणाले, "ताई, गुरांची ती गोचीड वेगळी. ही कुत्र्याचीच, तपकिरी. ही गोठ्यातनं आली नाही. ही तुमच्या घरात आहे."

घरात म्हणजे?

म्हणजे कुत्र्यावर दिसतात त्या थोड्याच. मादी पोट भरलं की खाली गळून पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि एका वेळी हजारांच्या घरात अंडी घालते, मग मरते. अंड्यातनं राजगिऱ्याहून बारीक, सहा पायांची पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, भेगेत जाऊन कात टाकतात. आठ पायांची होऊन परत चढतात, परत उतरतात, आणि मोठी होऊन तिसऱ्यांदा चढतात. म्हणजे तीन वेळा कुत्रं आणि तीन वेळा भिंत. काही मिळालं नाही तर मोठी गोचीड वर्षभरही उपाशी काढू शकते.

आमचं घर माळवदाचं. मातीच्या भिंती, लाकडी तुळ्या, जागोजाग देवळ्या आणि खुंट्या. गोचिडींना याहून चांगला वाडा कुठं मिळायचा?

त्यांनी एक चावायची गोळी लिहून दिली, अफॉक्सोलॅनर, महिन्याला एक. गोळी वजनाच्या गटाप्रमाणं येते, म्हणून वजन पक्कं हवं. दवाखान्यातला काटा बंद होता. येताना बाजारपेठेत आडत दुकानाच्या काट्यावर बिजलीला कडेवर घेऊन उभी राहिले: ७२ किलो ४००. मग एकटी: ५८ किलो ६००. बिजली १३ किलो ८००. हमालांनी माझं वजन पाठ केलं असणार, ते असो. दहा ते पंचवीस किलोची एक गोळी ७८० रुपयांना पडली. आई म्हणाली, एवढ्यात आपल्या घरचा आठवड्याचा किराणा येतो. डॉक्टरांनी आधीच दोन गोष्टी विचारल्या होत्या: हिला कधी झटके आलेत का, आणि पोटात पिल्लं आहेत का. आपल्या मनानं दुकानातून गोळी आणू नका ती यासाठी. गोळी कुत्र्याच्या रक्तात उतरते, गोचीड चावली की मरते. म्हणजे चावायची ती चावतेच. जाताजाता ते असंही म्हणाले, "पुढचे तीन आठवडे ताप, भूक, हिरड्यांचा रंग बघत राहा." मी मान डोलावली आणि विसरले.

९ जुलैच्या रात्री गोळी दिल्यावर झोप येईना म्हणून बॅटरी घेऊन बिजलीच्या कोपऱ्यात गेले. पोत्याच्या वर, भिंतीवर, जमिनीपासून छातीभर उंचीवर तीन चपट्या गोचिडी एकामागं एक वर चढत होत्या. सावकाश, वारीला निघाल्यासारख्या. तुळईच्या सांदीत बॅटरी मारली तर तिथं आणखी. मी आईला उठवलं नाही. तिची खाट त्याच भिंतीला होती.

दुसऱ्या दिवसापासून घर. पोतं जाळलं, गळपट्टा उकळला. खाटा अंगणात काढून उन्हात टाकल्या, पण आषाढात ऊन कुठलं. अण्णांनी पांढऱ्या मातीत थोडं सिमेंट कालवून छातीभर उंचीपर्यंतच्या सगळ्या भेगा लिंपल्या, वरून चुन्याचे दोन हात. तुळ्यांच्या सांदी मी जुन्या दातघाशानं कोरून काढल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं फवारणीचं औषध या वेळी मेडिकलवाल्याच्या मापानं, हातमोजे घालून, बिजलीला आणि कोंबड्यांना दिवसभर बापूंकडं ठेवून मारलं. अंड्यांवर फवारणीचा भरवसा नसतो म्हणून दर बुधवारी परत, असे सहा बुधवार. मजूर लावला नाही, तरी चुना, सिमेंट, औषध मिळून १,१४० रुपये गेले. आजी रोज विचारायची, "एका कुत्र्यापायी कामून घर उकरायलीस?"

दोन दिवसांत बिजलीच्या अंगावरच्या गोचिडी वाळून गळाल्या. आषाढी एकादशीला, १७ जुलैला, मी तिला पूर्ण तपासलं, एकही नाही. झालं एकदाचं, असं वाटलं. खरं दुखणं त्यानंतरचं, आणि हे लिहायला बसले तेही त्यामुळंच.

शुक्रवारी २६ जुलैला बिजलीनं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. पावसाळी हवा आहे, म्हणलं. शनिवारी ती रांजणाखालच्या ओल्या जागेत जाऊन बसली, हाक मारली तर नुसती शेपटी हलवली. घरातल्या थर्मामीटरनं ताप बघितला (शेपटीखालून, व्हॅसलीन लावून, आणि तो थर्मामीटर आता फक्त तिचा): १०४.८. कुत्र्याचं अंग आपल्याहून गरमच असतं, १०१ ते १०२.५ पर्यंत काही नाही. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या गुलाबी नव्हत्या, धुवून विटलेल्या कापडासारख्या. अण्णा दारातून म्हणाले, "गोचीड ताप हाय हा. आपल्या जर्सी गाईला झालता तसला." गाईचा जंतू वेगळा, कुत्र्याचा वेगळा, पण अण्णांचं निदान बरोबर निघालं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी शनिवारी तापाचं इंजेक्शन दिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. ते घेऊन एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले तर तिथल्या मुलानं नळी हातातही घेतली नाही. कुत्र्याचं रक्त? मशीन माणसांचं आहे. तेव्हा राग आला. पुढं कळलं की त्यात तथ्य होतं. माणसांच्या मापावर लावलेल्या मशीनवर कुत्र्याच्या पेशींचे आकडे चुकू शकतात.

रविवारी पहाटे शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिच्या नाकाशी रक्ताचे चार थेंब दिसले. आई काही न बोलता चुलीपुढं जाऊन बसली.

सोमवार, २९ जुलै. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. मराठवाड्यात असं कॉलेज तेव्हा इथं आणि उदगीरला होतं. दोन्ही नागपूरच्या माफसूखाली, म्हणजे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली, येतात. अण्णा रस्ताभर 'कृषी विद्यापीठाचा दवाखाना' असंच विचारत होते, त्यांच्या डोक्यात जुनं नावच बसलंय. रेल्वेच्या साध्या डब्यात कुत्रं नेता येत नाही, म्हणून ओळखीची ओमनी केली, जाऊन येऊन १,५०० रुपये. पहाटे साडेपाचला निघालो. हे केलं ते बरं केलं, कारण केसपेपर, तपासणी, रक्त, रिपोर्ट, परत डॉक्टर, असं सगळं एका दिवसात बसवायचं असेल तर रांगेत पुढं लागलं पाहिजे. मालकाचं नाव, गाव, मोबाईल, कुत्र्याचं वय, लसींच्या तारखा हे सगळं विचारतात. रेबीजच्या लसीचं कार्ड मी घरी विसरले होते, आईनं फोटो काढून पाठवला. तिनं पाठवलेला तो पहिलाच फोटो, अर्धा अंगठा आलेला.

पट्टीनं तोंड बांधून पुढच्या पायातनं रक्त घेतलं, जांभळ्या झाकणाच्या नळीत. एक थेंब काचेवर पसरून दुर्बिणीखाली. एका किटवर तीन थेंब, ते किट १,२०० रुपयांचं, बाहेरून आणावं लागलं. दोन रेघा उठल्या. अर्लिकिया. हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट घसरतात, म्हणून नाकातनं रक्त. बिजलीचे प्लेटलेट ३८,०००. हवे असतात साधारण दोन ते पाच लाख. हिमोग्लोबिन ८.२, हवं बाराच्या पुढं. लाल पेशींत शिरणारा दुसरा जंतू, बबेसिया, काचेवर दिसला नाही, म्हणून त्याचं इंजेक्शन वाचलं.

मी विचारलं, गोचिडी जाऊन दोन आठवडे झाले, मग आता कसं? तिथल्या मॅडम म्हणाल्या, चिकटल्यावर काही तासांतही जंतू आत जाऊ शकतो आणि ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे ७ जुलैला आम्ही बल्बखाली बसलो होतो तेव्हाच ते झालेलं होतं.

औषध साधं, डॉक्सीसायक्लिन, माणसांनाही देतात तेच. डोस वजनावर, आणि २८ दिवस. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, असं त्यांनी दोनदा बजावलं. पोट भरलेलं असताना द्यायची, दुधासोबत नाही, आणि गोळीमागून पाणी किंवा घास जायलाच हवा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. मी तुपात बुडवलेल्या भाकरीच्या तुकड्यात गोळी दडवायचे. सहाव्या दिवसापासून बिजली तूप चाटून गोळी तेवढी दाराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायला लागली. मग तीन तुकडे: पहिला कोरा, दुसऱ्यात गोळी, तिसरा दाखवत हातात. तिसऱ्याच्या हावेनं दुसरा गिळला जायचा.

बुधवारी, तिसऱ्या दिवशी, ताप उतरला. गुरुवारी तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि बापूंच्या कोंबडीमागं चार पावलं धावून बसली. पुढच्या तपासण्यांना तिला नेलं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त काढून दिलं, अण्णांनी नळी चहाच्या थर्मासात बर्फावर ठेवून सकाळच्या गाडीनं परभणीला पोचवली. ५ ऑगस्टला प्लेटलेट १ लाख १२ हजार. २५ ला शेवटची गोळी, २६ ला २ लाख ३१ हजार. या सगळ्याचा हिशेब मी अर्जांच्याच वहीत मागच्या पानावर ठेवला होता: पोळ्यापर्यंत ६,९०० रुपये. त्यातले निम्मे तरी, जूनमध्ये ७८० ची गोळी दिली असती तर, वाचले असते.

आजी विचारत होती, आपल्याला होतं का हे? मॅडमना विचारलं होतं. ही गोचीड माणसाला सहसा चावत नाही, पण चावली तर तिच्यातून माणसालाही वेगळा ताप येऊ शकतो. म्हणून नखानं फोडणं बंद, हात साबणानं धुवायचे, आणि अंगावर पुरळ येऊन ताप आलाच तर डॉक्टरांना गोचिडीचं आधी सांगायचं. आजीनं त्या दिवसापासून चिमटा कमरेला लावलाय, किल्ल्यांच्या जुडग्यात.

गोळीची तारीख चुकू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरावर मी ९ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबरच्या चौकटीत लाल पेननं 'बिजली' असं लिहून ठेवलं होतं. ऑगस्टची मीच दिली. ९ सप्टेंबरला घरात महालक्ष्म्यांची तयारी चाललेली, मी केंद्रात अडकलेली. संध्याकाळी घरी आले तर अण्णा खूश. म्हणाले, तुला आठवण नसंल म्हणून मीच जाऊन आलो. आणि खिशातनं लाईट बिल भरल्याची पावती काढून दाखवली.

गोळी रात्री जेवणानंतर दिली.